मागचा माणूस

अग्नीशी झुंज देणाऱ्या वीराला मृत्यूचं भय नसतं. हे वाक्य माझं नाही. आमच्या गावच्या चौकात ते महिनाभर एका भल्यामोठ्या फ्लेक्सवर लटकत होतं आणि त्याखाली माणिकचा फोटो होता. फोटोत माणिक हेल्मेट घालून, मान उंचावून कुठेतरी दूर बघतो आहे. तो काय बघत होता हे मला माहीत आहे, कारण तो फोटो मी काढलेला आहे. फायर स्टेशनच्या पत्र्यावर वानर बसलं होतं. माणिकच्या भोवती श्रद्धांजली वाहणाऱ्या सोळा मान्यवरांचे फोटो होते आणि त्यातले चार माणिकपेक्षा मोठे होते. भयाचं म्हणाल, तर माणिकला भय भरपूर होतं. डालड्याचं होतं, चौकातल्या गाड्यावरच्या कढईतल्या काळ्या तेलाचं होतं आणि दुपारच्या जेवणानंतर स्टेशनातला त्याचा जोडीदार धोंडिबा खुर्चीत डोळे मिटून गप्प पडला की त्याचं तर फारच होतं. माणिक हातातला पेपर ठेवून उठायचा, धोंडिबाजवळ जाऊन त्याचं पोट हलतंय का ते वाकून बघायचा आणि परत येऊन राहिलेली बातमी पुरी करायचा. हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे.

पावणेदोन महिन्यांपूर्वी दुपारी धोंडिबाचाच फोन आला. "सर, माणिक गेला," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं लागली?" फायर स्टेशनच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला 'माणिक गेला' याचा एकच अर्थ ठाऊक असतो... घंटा झाली, गाडी बाहेर पडली, कुठेतरी कडब्याची गंजी नाहीतर उसाचा फड पेटला. मग धोंडिबा म्हणाला, "न्हाई सर. गाडी हितंच हाय."

मी गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. वाचनालयाची आणि फायर स्टेशनची भिंत एकच. त्यांच्याकडे घंटा झाली की आमच्याकडची कपाटं थरथरायची आणि वाचक मान वर करून पुन्हा खाली घालायचे. माणिक नोकरीला लागला त्याच आठवड्यात भिंतीला वळसा घालून पेपर वाचायला आला. पेपर तो मागच्या पानापासून वाचायचा. पुढच्या पानावरची आग आपल्याला विझवता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पोखर्णीच्या पलीकडच्या एका लहान गावातला तो. आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या रानात राबलेले, आणि ठरलेल्या तारखेला पगार घेणारा घरातला हा पहिलाच. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला त्याची खाकी टोपी. मला तो 'दोस्ता' म्हणायचा. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा आणि शिक्षणाने बराच मोठा, असं मला वाटत असे. त्याच्या बोलण्यात याचा पुरावा कधी आढळला नाही.

त्याच्या कामातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आगीवर पाणी मारताना पाइप एकट्याला आवरत नाही. पाण्याला इतका जोर असतो की तो धरणाऱ्यालाच उलटा फेकतो. म्हणून दोघं लागतात. पुढचा तोंडाशी धरतो आणि पाणी कुठे मारायचं ते ठरवतो. मागचा त्याच्या पाठीला छाती लावून उभा राहतो आणि सगळा रेटा अंगावर घेतो. वर्तमानपत्रात फोटो येतो तो पुढच्याचा. माणिक पुढचा होता आणि धोंडिबा मागचा. धोंडिबाच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. माणूस दाराएवढा रुंद, आवाज रानात मेंढरं हाकायचा, आणि मटणावर त्याची श्रद्धा अशी की तिच्याबद्दल चेष्टा केलेली त्याला खपत नसे. हे दोघं असे पाठीला छाती लावून बावीस वर्षं उभे राहिले. माणिक म्हणायचा, "मागचा माणूस पडला की पुढचा उडतो, दोस्ता. म्हणून मला माझ्यापेक्षा त्याच्या तब्येतीची काळजी जास्त. यात प्रेमबिम काय न्हाई."

आणि काळजी करण्यासारखं होतंच. फायर स्टेशनात कुणी आपला डबा आपण खात नाही. जमिनीवर आमच्याच वाचनालयाची रद्दी पसरायची, सगळे डबे मध्ये उघडायचे आणि ज्याला जे आवडेल त्यात हात घालायचा. कुठला डबा कुणाचा हे विचारणं गावंढळपणाचं समजलं जातं. याला कारण आहे. वर्दी, म्हणजे आगीची खबर, घासाच्या मध्येच येते. निम्मे उठून पळतात, आणि ते परत येईपर्यंत जे उरलं असेल ते सगळ्यांचं असतं. दुसरा रिवाज याहून कडक. आग विझली की ज्याचं जळालं तो खायला घालतो, आणि त्याला नाही म्हणायचं नाही. आत्ताच ज्याचं वर्षाचं पीक गेलं, तो भज्यांची परात घेऊन समोर उभा राहतो, तेव्हा त्याला आपला रक्तदाब सांगता येत नाही. त्यामुळे जिल्ह्यात जितक्या आगी, तितकी भजी, आणि वर जिलेबी. स्टेशनचा एक जुना ड्रायव्हर असाच एका सकाळी चहा घेता घेता गेला. पन्नाशीही झाली नव्हती. आयुष्यभर आगीत शिरलेल्या त्या माणसाच्या अंगावर भाजल्याची एक खूण नव्हती. माणिक त्या दिवशी वाचनालयात येऊन बसला आणि पेपर उलटाच धरून म्हणाला, "आगीनं न्हाई मारलं त्याला. आगीनंतर जे खाल्लं त्यानं मारलं."

त्याच वर्षी त्याला एका मोठ्या शहरात तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे म्हणे सगळ्यांची तपासणी झाली आणि एका डॉक्टरीण बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून भाषण दिलं की आग विझवणाऱ्यांचा खरा शत्रू त्यांच्या छातीत असतो. परत आला तो इंग्रजीतला एक कागद घेऊन. कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "दोस्ता, हे मेडिटरेनियन काय असतंय?" मी त्याला नकाशा काढून समुद्र दाखवला, त्याच्या काठचे देश दाखवले. तिथली माणसं काय खातात ते कागदावर होतंच. ऑलिव्हचं तेल, अक्रोड, समुद्रातले मासे, कडधान्यं, जाडंभरडं धान्य, पालेभाज्या ढीगभर, आणि लाल मटण सणासुदीला. माणिकने परभणीपासून त्या समुद्रापर्यंत वीत टाकून पाहिली. "लांब हाय," तो म्हणाला. मी सगळं मराठीत करून दिलं. मराठीचा मला अभिमान असल्यामुळे मेडिटरेनियनला तसंच राहू देणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मथळा दिला 'भूमध्य आहार'. जे घडलं त्यातला माझा वाटा एवढाच.

माणिकने तो मथळा खडूने स्टेशनच्या फळ्यावर उतरवला आणि त्याच्या हातून ध्य चा द्य झाला. 'भूमद्य आहार. मंगळवारी दुपारी चार वाजता. सर्वांनी हजर राहावे.' आपल्या इतिहासात एकदा ध चा मा झाला तेव्हा एक खून पडला. इथे ध्य चा द्य झाला आणि शंभर टक्के हजेरी लागली. रजेवरचे आले, दुसऱ्या पाळीचे आले, वीज कंपनीचे दोघं कुणी न बोलावता आले. धोंडिबा घरून खारे शेंगदाणे आणि कापलेला कांदा घेऊन आला होता. माणिकने अर्धा तास कडधान्यांवर भाषण केलं. सगळे अदबीने ऐकत राहिले. या खात्यात कार्यक्रमाची सुरुवात नेहमीच भाषणाने होते, म्हणून मुख्य भाग पुढे असेल अशी त्यांची समजूत. शेवटी धोंडिबाने कांद्याची ताटली पुढे सरकवून विचारलं, "माणिकराव, ते समदं बराबर हाय. पर ह्यात मद्य कुठं हाय?" मी दुसऱ्या दिवशी फळा दुरुस्त करायला गेलो, तर माणिकने हात धरला. "ऱ्हाऊ दे दोस्ता. तुझ्या शब्दानं कोण आलं असतं?" पुढे स्टेशनला रंग दिला तेव्हा पेंटरने फळ्यावरचा मथळा जसाच्या तसा ऑइलपेंटमध्ये पक्का करून टाकला. 'भूमद्य आहार' आजही तिथे आहे आणि त्याच्याखाली रोज खडूने त्या दिवशीचं जेवण लिहितात.

समुद्र लांब होता, पण माणिकला त्याची फार अडचण वाटली नाही. ऑलिव्हच्या तेलाच्या बाटलीची किंमत त्याने परभणीला एका दुकानात विचारली आणि बाटली दोन्ही हातांनी धरून परत जागेवर ठेवली. मग तो घाण्यावर गेला आणि करडईचं तेल काढून आणलं. अक्रोडाच्या जागी जवस आणि शेंगदाणे आले. येलदरीच्या धरणावरून मासे आणणारा एक जण त्याने गाठला. गव्हाच्या पोळ्यांच्या जागी ज्वारीची भाकरी आली, आणि घोळ, चाकवत, अंबाडी, करडईचा पाला, जे बांधावर उगवेल ते भाजीत आलं. त्याचा दोन ओळींचा हिशोब होता: त्यांच्याकडे जे काठावर मिळतं ते ते खातात, आपल्याकडे जे बांधावर मिळतं ते आपण खायचं. मी म्हटलं, हे भूमध्य राहिलं नाही. तो म्हणाला, "भुईच्या मध्येच हाय की परभणी. चारी बाजूनी कुठं समुद्र दिसतो का तुला?"

विरोध झाला, आणि तो मी समजत होतो त्यापेक्षा खोल होता. एका दुपारी धोंडिबाने भाकरीचा तुकडा रद्दीवर ठेवला आणि म्हणाला, "ल्हानपणी आमी हेच खाल्लं, माणिकराव. मेंढरामागं फिरताना फडक्यात हेच बांधून द्यायची माय. भाकर आन् जवसाची चटणी. म्हणलं, नोकरी लागंल, मग गव्हाची पोळी खाऊ, तळलेलं खाऊ. आता नोकरी लागली तर तुमी पुन्यांदा तेच पुढ्यात ठेवायलाव. मग नोकरी कामून लागली?" रद्दीभोवती बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरची हीच गोष्ट होती. माणिककडे नेहमी उत्तर तयार असायचं. त्या दिवशी नव्हतं. तो धोंडिबाने ठेवलेला तुकडा उचलून स्वतःच खाऊ लागला.

ते उत्तर त्याला पुढे सापडलं आणि त्याने ते भलत्याच माणसाला दिलं. अग्निशमन सप्ताहाला एक पाहुणे आले होते. फेटा बांधून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की पाश्चात्त्यांना आज जे कळतंय ते आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं, आपल्या आज्या करडईची भाजी खात होत्या तो काही योगायोग नव्हे. टाळ्या झाल्या. आभाराला माणिक उभा राहिला. चार वाक्यांत आभार संपवून म्हणाला, "सायब, माझी आजी करडईची भाजी खायाची, कारण घरात दुसरं काय नव्हतं. तिला ते ज्ञानबिन न्हवतं. तिचं पोट भरत नव्हतं म्हणून ती खायाची, आमचं पोट भरलंय म्हणून आमी खायलाव. भाजी तीच हाय, पर गोष्ट एक न्हाई." पाहुण्यांना ही स्तुती वाटली आणि ते हसून मान डोलवत राहिले. मागच्या रांगेत धोंडिबा मात्र खाली मान घालून बसला होता. मला वाटतं, ते उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं.

पोचलं तरी तो ऐकत नव्हता. ऐकायला लागला तो देवगाव फाट्यानंतर. फाट्याजवळ एका जिनिंगच्या आवारात कापसाची गंजी पेटली. एप्रिलची दुपार. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आत जिवंत असते, त्यामुळे गंजीवर चढून ती उकरत उकरत पाणी मारावं लागतं. माणिक पुढे, धोंडिबा मागे, दोघं गंजीवर. अर्धा तास झाल्यावर लोकांनी बघितलं की धोंडिबा मटकन खाली बसला. पाइप उसळला, माणिक उलटा त्याच्या अंगावर पडला, आणि खालच्याने पाणी बंद केलं म्हणून निभावलं. माणिकचा हात मुरगळला. धोंडिबाने सगळ्यांसमोर छातीला हात लावून सांगितलं, "मला दम लागला. माझीच चूक हाय." जिनिंगच्या मालकाने भज्यांची परात आणली तेव्हा रिवाजाप्रमाणे कुणी नाही म्हटलं नाही, पण धोंडिबाने एकही उचललं नाही. दुसऱ्या दिवशी तो माणिकसमोर उभा राहून म्हणाला, "उद्यापासून तुमचं भूमद्य. भजी बंद, मटण बंद. फकस्त बाजारचा दिवस सोडून." माणिकने अट मान्य केली.

तेव्हापासून स्टेशनात 'देवगाव फाटा' हा शब्द धोंडिबाला चिकटला. त्याने दुसऱ्यांदा भात घेतला की कुणीतरी म्हणायचं, "धोंडिबा, देवगाव फाटा येऊ लालाय." जिना चढताना थांबला तर, "उतरा, फाटा आला." नवीन लागलेल्यांनाही पहिल्या आठवड्यात हे शिकवलं जाई. दहा वर्षं हे चाललं आणि धोंडिबा दहा वर्षं हसत राहिला. ही चेष्टा एकट्या माणिकने कधी केली नाही. उलट कुणी केली की तो उठून बंब पुसायला जायचा. मी ते त्याच्या सौजन्याच्या खात्यात टाकलं होतं. माणसाबद्दल चांगला समज करून घ्यायचा असला की पुरावा मिळतोच.

दहा वर्षांत धोंडिबा पुष्कळ उतरला. खाकी शर्टाची बटणं पुन्हा लागू लागली. स्टेशनच्या भिंतीला टेकवलेल्या शिडीवर दरवर्षी चढण्याची परीक्षा असते, ती तो शिट्टी वाजवत चढू लागला. आजूबाजूच्या तालुक्यांतले फायरमन कधी आले तर माणिक त्यांना रद्दीवर बसवायचा, फळा दाखवायचा आणि घाण्याचा पत्ता द्यायचा. उपदेश असा तो कमीच करायचा. "खाऊन बघा. न्हाई आवडलं तर समोर गाडा हायेच," एवढंच. आगीच्या जागी खायला आलं की तो मालकाला हळूच म्हणायचा, "भजी कशाला, घरात शेंगदाणे असतील तर मूठभर द्या." त्यामुळे रिवाज मोडायचा नाही आणि मालकाचा कढईभर खर्चही वाचायचा. या साध्या वाक्याचा मला नेहमी हेवा वाटत आला आहे. मी आयुष्यभर पुस्तकांमध्ये राहिलो आणि कुणालाही न दुखावता नाही म्हणायला मात्र शिकलो नाही...

तो गेला तो दिवस थंडीतला. फळ्यावर लिहिलं होतं: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, करडईची भाजी, जवसाची चटणी. अक्षर माणिकचंच. जेवून तो आपल्या खुर्चीत बसला, पेपर मागच्या पानावर उघडला. धोंडिबा समोरच्या खुर्चीत डोळे मिटून पडला होता. नेहमीसारखं कुणी आपल्याजवळ येऊन वाकून बघितलं नाही, म्हणून धोंडिबाने डोळे उघडले. तोवर सगळं झालेलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

गावात जे बोललं जायचं ते बोललं गेलंच. चौकातल्या गाड्यावर मी स्वतः ऐकलं, "दहा वर्सं पाला खाल्ला बिचाऱ्यानं. काय मिळालं?" म्हणणाऱ्याच्या हातात वडा होता. जेवणाने माणूस किती जगतो हे मला ठाऊक नाही, आणि ज्यांना नक्की ठाऊक आहे त्यांच्यापासून मी थोडा लांब बसतो.

घरी जलदानविधी झाला. भन्तेजींनी वंदना घेतली, आणि ज्या माणसाने तीस वर्षं पाण्याशिवाय दुसरं काही हाती धरलं नाही त्याच्या नावाने भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडली. स्टेशनचे सगळे गणवेशात रांगेने बसले होते आणि त्या धारेकडे एकटक बघत होते. पाहुणे पांगल्यावर त्याची बायको, सुमनवहिनी, माझ्याजवळ येऊन बसल्या. चौकातलं बोलणं त्यांच्याही कानावर आलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक सांगायचं होतं. ट्रेनिंगला गेले होते तवाच डॉक्टरीण बाईंनी ह्यांना सांगितलं होतं, हृदय खराब हाय. दोनच वर्सं धरा म्हणल्या होत्या. मला सोडून कोणाला सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर गाडीवरून काढून टेबलावर बसवलं असतं. पथ्याचं खायचं, तर वेगळा डबा न्यावा लागला असता, आन् तिथं वेगळा डबा कोण नेतंय? समद्यांनी इचारलं असतं. मग म्हणाले, आपला डबा वेगळा होत न्हाई, तर समद्यांचाच बदलू."

गावाने भरवलेल्या शोकसभेत ज्याला निःस्वार्थ समाजकार्य म्हटलं गेलं ते असं एका डब्यातून निघालं होतं. मला क्षणभर फसवल्यासारखं झालं, आणि लगेच माणिक पूर्वीपेक्षा जास्त आवडला. मी विचारलं, "मग धोंडिबाची काळजी? ते सगळं खोटंच?" वहिनी म्हणाल्या, "खोटं कामून? त्यो मेला तर ह्यांना मागं कोण व्हतं?"

हे धोंडिबाला सांगावं की नाही, याचा मी महिनाभर विचार केला. अखेर मागच्या आठवड्यात दुपारी भिंतीला वळसा घालून स्टेशनात गेलो. माणिकची खुर्ची होती तिथेच होती, तिच्यावर दुमडलेला पेपर, मागचं पान वर. धोंडिबा आतल्या शेगडीपाशी उभा होता. मी जमेल तसं सांगितलं. तो हातातला झारा न थांबवता म्हणाला, "मला ठाव होतं, सर."

तो म्हणाला, "मागचा माणूस हाय मी. त्याच्या पाठीला माझी छाती लागलेली. माझ्यापासून काय लपतंय? देवगाव फाट्याला मला दम न्हवता लागला, सर. त्याची पाठ एकदम ढिली पडली. दोन्ही पाय गेले. आता ह्यो पडला तर समदे बघतील, डॉक्टर येईल, कागद होईल, गाडी सुटंल... म्हणून मीच आधी बसलो." झाऱ्यातलं तेल निथळेपर्यंत तो थांबला. "आन् दुसऱ्या दिवशी म्हणलं, आता ह्याच्यासंगट खाल्लंच पायजे. एकट्यानं पथ्य कोण पाळतंय? मी भजी खाल्ली असती तर त्यानं बी खाल्ली असती. लय आवडायची त्याला."

"त्याला माहीत होतं का, तू मुद्दाम बसलास ते?" मी विचारलं.

"इचारलं न्हाई कधी. त्यानं बी काढलं न्हाई." मग म्हणाला, "फाट्याची चेष्टा निघाली की उठून गाडी पुसायचा. तवा वाटायचं, ठाव असंल."

म्हणजे एक जण दुसऱ्याला जगवायचं म्हणून मटण सोडायला लावत होता, आणि दुसरा पहिल्याला जगवायचं म्हणून सोडत होता, आणि दहा वर्षं रोज एकाच रद्दीवर बसून दोघं एकमेकांना याचा पत्ता लागू देत नव्हते. डॉक्टरीण बाईंनी दोन वर्षं दिली होती. त्याची दहा झाली ती करडईने झाली, जवसाने झाली की आणखी कशाने, ते मी सांगू शकत नाही.

शेगडीवर काय चाललं आहे ते तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मिरचीची भजी होती. तेल घाण्यावरचं, करडईचं. फळ्यावर, त्या चुकलेल्या मथळ्याखाली, धोंडिबाने मोठ्या अक्षरात तसं लिहिलंही होतं. रद्दी पसरली गेली, सगळे बसले. मी चार खाल्ली. चांगली होती. जेवण झाल्यावर धोंडिबा खुर्चीत रेलला, डोळे मिटले आणि गप्प पडला. बाकीचे आपापल्या मोबाइलमध्ये होते. मी जरा वेळ वाट पाहिली, मग उठलो, जवळ गेलो आणि त्याचं पोट हलतंय का ते वाकून बघितलं.

"हाय, सर," डोळे न उघडता तो म्हणाला. "बसा तुमी."

मी बसलो. बसल्यावर विचारलं, "आज भजी कशी काय?"

"बाजारचा दिवस हाय ना," तो म्हणाला.

आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. तो गुरुवार होता.